अप्पांची शुगर, अप्पांचं मन आणि डोस कमी करून घ्यायची मारामार (माझा अनुभव)

बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं. अप्पा आता बरे आहेत पण त्या शुगरच्या क्लिनिकचा राग माझ्या डोक्यातून काही जात नाही, आणि नाशकात अजून कितीतरी घरांत हेच चालू असणार म्हणून लिहितेय.

अप्पा म्हणजे माझे वडील, प्रेसमधून रिटायर, वय ७१, आम्ही जेलरोडला राहतो. शुगर जुनी आहे, आधी गोळ्या होत्या, मग गोळ्या आणि दोन वेळचं इन्सुलिन. माणूस एकदम काटेकोर, इन्सुलिनचं पेन स्वतः लावणार, रीडिंग वहीत स्वतः लिहिणार. काका गेले आणि तिथून सगळं हळूहळू सुटत गेलं. फिरायला जाणं बंद, पेपरची घडी पण मोडायचे नाहीत, दिवसा दोन घास आणि रात्री उठून फरसाणचा डबा. रडणं वगैरे काही नाही हो, विचारलं की "कंटाळा आलाय" एवढंच.

एचबीएवनसी (सरासरी शुगरची टेस्ट) १०.२ आलं. क्लिनिकमध्ये रिपोर्टवर नजर टाकली, "तोंडावर कंट्रोल नाही" म्हणाले, इन्सुलिनचे युनिट वाढवले, झालं. आई सांगत होती की हे झोपत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तर म्हणे वयाने होतं तसं.

मला शंका आली ती फ्रिजमुळे. पेनातलं कार्ट्रिज ३ एमएलचं, त्यात ३०० युनिट असतात. अप्पांचा डोस सकाळी १८ रात्री १२, म्हणजे दिवसाला ३०, म्हणजे दहा दिवसात कार्ट्रिज संपायला पाहिजे. आणि तेच कार्ट्रिज महिना होत आला तरी दारातल्या कप्प्यात, अर्ध्याच्या वर भरलेलं. गोळ्यांची पाकिटं पण तशीच. म्हणजे अप्पा औषध घेतच नव्हते आणि तिकडे डोस वाढतोय! हे मी क्लिनिकमध्ये जाऊन हिशोबासकट सांगितलं, तर उत्तर काय, "पेशंट तर घेतो म्हणतोय." आणि त्याच दिवशी १८-१२ चं २२-१४ करून दिलं.

मग आमच्या गल्लीतले फॅमिली डॉक्टर म्हणाले की हे मनाचं दुखणं दिसतंय, पण आधी थायरॉईड आणि बी१२ करून घ्या, कारण मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही असंच गळून जायला होतं. बी१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली, आणि गंगापूर रोडला मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. अप्पा यायला तयार झाले, तिथे काही त्रास झाला नाही. त्यांनी नऊ प्रश्नांचा तो फॉर्म भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं किती दिवस झालं, झोप कशी, भूक कशी, असे प्रश्न असतात. २७ पैकी १० किंवा जास्त आले की डॉक्टर नीट तपासतात, अप्पांचे १७ आले. डिप्रेशनची लहान डोसची गोळी दिली, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात म्हणाले, या वयात सोडियम कमी होऊ शकतं म्हणून त्याची टेस्ट लिहून दिली. आणि महत्त्वाचं म्हणजे बजावलं, की आता हे इन्सुलिन रेग्युलर घ्यायला लागतील, शिवाय काहींना या गोळीनेही शुगर थोडी उतरते, तेव्हा रोज तपासा आणि शुगरच्या डॉक्टरांकडून डोस बघून घ्या.

डोस बघून घ्या! इथेच सगळं अडकलं.

अप्पा थोडे सावरले, पेन परत हातात घेतलं, आणि ते ३६ युनिट पहिल्यांदाच खरोखर अंगात जायला लागले. एका पहाटे आईचा आवाज आला, धावत गेले तर अप्पा घामाने भिजलेले, हात थरथरतायत, बोलणं तुटक. मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग वर आली तेव्हा बिस्किटं दिली. (७० च्या खाली गेलं की हेच करायचं, माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.)

क्लिनिक उघडल्या उघडल्या फोन केला. डॉक्टर फोनवर बोलत नाहीत. बरं, रीडिंग व्हॉट्सॲप करू का? ते चालत नाही. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. तीन आठवडे आम्ही रोज पहाटे ५८ बघायचं का? मी अप्पांना घेऊन थेट जाऊन बसले. काउंटरवर सांगतात ताजं एचबीएवनसी आणल्याशिवाय आत सोडणार नाही. अहो ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, या आठवड्यात काय चाललंय ते त्यात कसं दिसणार? तरी केलं, खालच्याच लॅबमध्ये पैसे भरले, दुपारपर्यंत बाकावर बसलो, अप्पा भिंतीला डोकं टेकून. रिपोर्ट आला ९.४ आणि मला माहीत होतं तेच झालं. डॉक्टर म्हणाले, "नऊच्या वर आहे, डोस कमी कसा करणार?" मी वही पुढे केली, ५८, ६६, ६१, सगळी रीडिंग तारखेसकट. वही उघडलीसुद्धा नाही. वर म्हणाले ती मनाची गोळी बंद करा, तिच्यामुळे होतंय.

मानसोपचारवाल्यांकडे विचारलं तर गोळी अजिबात अचानक बंद करू नका, पण इन्सुलिनचा आकडा आम्ही बदलत नाही. त्यांचं एका अर्थी बरोबर आहे. पण मधल्या मधे आम्ही, आणि रात्री झोपायची भीती, आई दर दोन तासांनी उठून अप्पांच्या कपाळाला हात लावून बघायची.

शेवटी परत आमचे गल्लीतलेच डॉक्टर. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, १४-८ केलं, आणि लेटरहेडवर अर्ध्या पानात लिहून दिलं की पेशंट आधी इन्सुलिन घेत नव्हता, आता घेतोय, म्हणून कमी केलं. त्या अर्ध्या पानाचे किती उपकार सांगू! आम्ही शुगरचे डॉक्टरही बदलले, नवीन मॅडमनी ते पत्र फाईलला वर लावलं आणि पहिला प्रश्न केला, "अप्पा, झोप लागते का?" आता एचबीएवनसी ७.४ आहे, या वयात एवढं पुरे, उगाच खाली ओढायचं नाही म्हणाल्या. अप्पा परत मित्रांकडे जायला लागलेत, मला खूप बरं वाटतं.

आपल्याच देशातल्या चार डायबेटिस क्लिनिकमध्ये ४०४ पेशंटवर अभ्यास झालाय, २०२० साली छापून आलाय. मन आणि शुगर दोन्हीकडे एकत्र बघणारा माणूस ठेवला तर मन सुधारलं आणि सोबत शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल यातलं निदान एक तरी सुधारलं, असे लोक जास्त निघाले. डायबेटिसवाल्यांमध्ये डिप्रेशन इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. मग क्लिनिकच्या फाईलमध्ये पाय, डोळे, बीपी सगळ्याला रकाना आहे, मनाला का नाही?

डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका हे सांगायचं राहिलं, रीडिंगची वही घेऊन कुठल्या तरी डॉक्टरसमोर बसाच. कुणाचे मरणाचे विचार बोलण्यात आले किंवा लगेच डॉक्टर मिळत नसतील तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी लाईन आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आणि नवीन कार्ट्रिज पेनात घातलं की त्यावर मार्करने तारीख लिहा. किती दिवसांत संपलं ते कळतं, आणि उघडल्यावर बहुतेक इन्सुलिन चार आठवडेच वापरायचं असतं.