तुम्ही विचारलंत म्हणून: गुहेतलं झाड नवीन आहे हे कळतं कसं?

मला नेहमी विचारतात, गुहेत एखादं वेगळं रोप दिसलं की ते नवीन जातीचं आहे हे तिथल्या तिथे कळतं का. नाही कळत. माझं काम हर्बेरियममधे, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, नमुने बघायचं, आणि गुहेत फक्त शंका येते, बाकी सगळं टेबलावर.

एक तर ही झाडं मिट्ट काळोखात नसतात, अंधुक उजेड पोचतो तिथवरच असतात. पण अंधुक म्हणजे किती, तर चीनमधल्या ग्वांग्शीच्या गुहांतलं पिलिया कॅव्हर्निकोला नावाचं रोप, जे नवीन जात म्हणून २०१२ मधे जाहीर झालं, ते बाहेरच्या उजेडाच्या ०.०४ टक्के उजेडातसुद्धा वाढताना सापडलंय! मला अजूनही हे वाचून भरून येतं.

आता खरी पंचाईत. कमी उजेडात कुठलंही झाड बदलतं, पानं पातळ होतात, खोड लांबतं, त्यामुळे बाहेरचं ओळखीचं झाडच आत अनोळखी दिसू शकतं. आणि बहुतेक वेळा तसंच निघतं, चीनच्या नैऋत्येकडच्या ६१ गुहा तपासल्या तेव्हा ४१८ जाती मिळाल्या पण फक्त गुहेतच माहीत असलेल्या जेमतेम ७ टक्के. म्हणून पानावर भरवसा नको, फूल आणि फळ बघायचं. पिलियाचं फूल इतकं बारीक की वाळलेलं असेल तर गरम पाण्यात मऊ करायचं, मायक्रोस्कोपखाली सुईने उलगडायचं, आणि मग या जीनसच्या, म्हणजे पिलिया या जवळच्या जातींच्या गटाच्या, सहाशेच्या वर जाती आहेत त्यातल्या जवळच्या सगळ्यांशी एकेक करून जुळवत बसायचं. हल्ली डीएनएची मदत होते, पण फुलाला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे.

सगळं पटलं की लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन लिहायचं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून नेमायचा आणि तो कुठल्या हर्बेरियममधे आहे ते छापायचं.

आणि एकाच गुहेत मोजकी रोपं असतील तर? मग मुळासकट उपटायचं नाही, फुलाची एखादी फांदी घ्यायची, फळ नसेल तर फळाच्या दिवसांत परत जायचं. माझ्याकडे अशाच एका वाळलेल्या नमुन्याचं पाकीट आहे, त्यावर नुसतं जीनसचं नाव लिहिलंय, पुढची जागा रिकामी. दोनदा जाऊन आले, फळ काही मिळालं नाही, आता पाऊस संपला की परत जाणार आहे.