पावसावर लिहायचं नाही

गॅदरिंग म्हटलं की बाकीच्यांना डान्स नि शेलापागोटे आठवतात, मला फेव्हिकॉलचा वास आठवतो. आमच्या कुर्ल्याच्या शाळेत दर डिसेंबरला गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी हस्तलिखिताचं प्रकाशन व्हायचं, एकच प्रत, लाल रिबिनीत बांधलेली, आणि पाहुणे सोडायला गेले की गाठ हमखास घट्ट बसायची. माझं अक्षर बरं, म्हणून नववीत अख्खा अंक उतरवायचं काम माझ्या गळ्यात आलं.

ते साल २००५. बाईंनी आधीच बजावलेलं, २६ जुलैवर कोणी लिहायचं नाही, नाहीतर सगळा अंक पाण्यात जाईल! बरोबरच होतं म्हणा, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला आणि आमच्याकडे मिठी नदी घुसलेली, सगळ्यांची स्टोरी तीच. मग पोरांनी गुमान दुसरंच लिहिलं. भुताची गोष्ट, रायगडची सहल, आजीवर कविता, एकाने तर मांजरावर.

दिवाळीच्या सुट्टीत पेन्सिलीने रेघा मारून उतरवत बसले होते आणि चौथ्या का पाचव्या लेखाला हात थांबला. भुताच्या गोष्टीत आई रात्रभर दार उघडं ठेवून बसलेली. सहलीच्या वर्णनात रायगड राहिला बाजूला, एक मुलगा मागे राहिला म्हणून सगळे एसटीत खोळंबलेत, दोन पानं तेच. कवितेतली आजी खिडकीत. मांजर रात्री आलं नाही म्हणून त्याचं दूध झाकून ठेवलेलं. पावसाचा एक थेंब नाही कुठे, पण प्रत्येकात कोणीतरी घरी यायचं बाकी.

आमचे बाबा त्या दिवशी फोर्टातून निघालेले. कुलाब्याला ८० मिलिमीटरसुद्धा नव्हता, त्यांना वाटलं नेहमीचाच पाऊस, जाऊ आरामात. दुसऱ्या दिवशी सकाळी रुळांवरून चालत आले, चपला हातात. फोन बंद, आई रात्रभर जिन्यात मेणबत्ती घेऊन बसलेली, एक संपली की त्याच्यावरच दुसरी.

शाळा सुरू झाल्यावर बाईंना सांगितलं तर आधी हसल्या, मग सगळे कागद घेऊन स्टाफरूममध्ये परत वाचत बसल्या, मधल्या सुट्टीचा डबा तसाच. शेवटी कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "मांजराचं शेवटी लाव गं. ते येतं परत."

झालं, अनुक्रमणिका तिसऱ्यांदा लिहावी लागली.