थिएटरात कॉन्सर्ट? तुम्ही विचारलंत म्हणून...

“कॉन्सर्टला जायचं तर स्टेडियमला जा, नाहीतर घरी बसून मोबाइलवर बघ. थिएटरात पैसे भरून पडद्यासमोर टाळ्या कसल्या वाजवतेस?” टोकियोत राहून मी ‘लाइव्ह व्ह्यूइंग’ला जाते, म्हणजे चालू कॉन्सर्टचं थेट प्रक्षेपण सिनेमागृहात पाहते, हे कळलं की पुण्याहून हा प्रश्न हमखास येतो. मामा तर दर फोनला विचारतो.

मामा, तिकीट मिळत नाही रे! माझा लाडका लार्क आँ सिएल हा १९९१ साली ओसाकात सुरू झालेला रॉक बँड. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही अॅनिमे मालिका बघितलेल्यांच्या कानात ‘रेडी स्टेडी गो’ अजून असेल, ते यांचंच. १९९७ साली टोकियो डोम या बंदिस्त स्टेडियममधल्या त्यांच्या कार्यक्रमाची ५६ हजार तिकिटं चार मिनिटांत संपली होती. आता बरीचशी तिकिटं सोडतीने देतात, त्यातही फॅन क्लबवाले आधी. नाव लागलं नाही की थिएटर गाठायचं. पंढरपुरात पददर्शनाची रांग झेपली नाही तर माणूस मुखदर्शन घेतो, तेही नाही जमलं तर कळसाला हात जोडून परततो. त्याची वारी फुकट गेली असं कोण म्हणतं?

अर्थात हे काही फुकटात नाही. नेहमीच्या सिनेमाच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडतात.

मोबाइलवर मात्र ती मजा नाही, आणि का नाही ते मला मे २०२२ मध्ये नीट कळलं. बँडच्या तिशीचे दोन कार्यक्रम डोमला झाले तेव्हा कोरोनाचे नियम चालूच होते. मास्क लावायचा, ओरडायचं नाही, सोबत गायचं नाही. थिएटरातही तेच. एरवी आम्ही पडद्यासमोर घसा फाडून ओरडलो तरी गायक हाइडला ते कुठून ऐकू जाणार? पण या वेळी डोममधल्यांचीही तोंडं बंद! त्यांच्याकडे टाळ्या, आमच्याकडेही टाळ्याच. गाणं संपलं की स्पीकरमधून त्यांच्या यायच्या आणि आमच्या त्यात मिसळायच्या. कोणत्या कुणाच्या, काही कळेना. शेजारच्या साठीपुढच्या बाई मांडीवर बँडचा टॉवेल पसरून बसल्या होत्या. मागच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून लाइटची कांडी छातीच्या वर जाऊ देत नव्हत्या, पण ठेका एकदाही चुकला नाही. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी नुसती मान डोलावली. मीही डोलावली. घरच्या सोफ्यावर अशी दाद कुणाला देणार?

आता उणं काय, तेही सांगते. ड्रमचा दणका पायाखालून वर चढत नाही. डोमच्या कार्यक्रमांत शेवटाकडे प्रेक्षकांवर चंदेरी फिती उडवतात, लोक त्या झेलून घरी नेतात. आमच्या हाती पॉपकॉर्नचा रिकामा डबा. आणि सगळ्यात मोठी तक्रार कॅमेऱ्याची. बघायचं कुणाकडे हे तिकडे कंट्रोल रूममध्ये कुणीतरी ठरवतं. मी पहिल्यापासून बेस गिटारवाल्या तेत्सुयाची भक्त. त्याची बोटं तारांवर सरसर फिरताहेत हे कानांना कळत असतं, आणि पडद्यावर आपला हाइड. सुंदर आहे मान्य, पण बाबा रे, जरा बाजूला हो.