मण्याचं वेज

आईची अकिकाची, म्हणजे लाल दगडाच्या मण्यांची, माळ परवा तुटली आणि मणी घरभर पळाले. कपाटाखालून झाडूने ओढून काढलेले धरून अठ्ठेचाळीस भरले. मूळचे किती होते, ते आईलाही आठवेना. ओवायचं काम अर्थात माझ्या गळ्यात.

दोऱ्याच्या टोकाला मेण लावून बसलो. एका लांबट मण्यात दोरा निम्म्यावर अडला तो अडलाच. मणी उजेडाकडे धरून आत डोकावलो. वेज दोन्हीकडून पाडलेलं आणि मधे जराशी चुकामूक झालेली. आत चक्क पायरी!

साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हडप्पाचे कारागीरही लांब मणी असेच दोन्ही टोकांनी विंधत. सामत्याच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाच्या, टोकाला दगडाचीच सळई. संशोधकांनी तसं करून पाहिलं, तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर वेज पडलं. म्हणजे बोटभर मण्याला दोन-तीन दिवस, आणि शेवटच्या घटकेला तडकला की सगळं पाण्यात. माझा धीर अर्ध्या तासात सुटला होता.

हा लाल रंगही मुळातला नव्हे. गुजरातमधल्या खंबात गावी अजूनही मळकट दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून भाजतात. दगडातलं लोह तापलं की लाली चढते. असे मणी गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढले आणि इराकमधल्या उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत पोचले. तिथल्या राणी पुआबीच्या अंगावर तर सोन्यामण्यांची अख्खी झूल होती. पुढे तिकडच्याच अक्कड राज्याचा राजा सारगॉन, मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात म्हणून मिरवत असे. मेलुहा म्हणजे बहुतेक आपला सिंधूकाठ.

आपलं पैठणही यात आहे, थोडं उशिरा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपोथीत लिहिलंय की पैठणहून अकिकासारखे दगड गाड्या भरभरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात. वीस दिवसांची मजल! लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या त्याच जातीच्या गारगोट्या आमच्या शेताच्या बांधावर पडलेल्या असत. आम्ही त्या एकमेकींवर आपटून ठिणग्या काढायचो, नाहीतर चिंचा पाडायला वापरायचो.

शेवटी दोऱ्याला पीळ देऊन, मणी उलटा धरून दुसऱ्या टोकाने घातला, तेव्हा पायरी ओलांडली. माळ बांधून आईला दिली. तिने गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, “एक मणी कमी आहे रे.”