दुभाजकांची नोंद: परिकेंद्र सातपुड्यापार निघालं

गेल्या नोंदीत त्रिकोणाचा कोनदुभाजक (कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेषा) समोरच्या बाजूला बरोबर निम्म्यावर छेदतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. घोळ नकाशावरच्या जळगाव–धुळे–चाळीसगाव या त्रिकोणामुळे झाला. १ सेंमी म्हणजे १० किमी धरलं, तर जळगावपासून धुळे आणि चाळीसगाव सरळ रेषेत सारखेच भरतात, साधारण ८.३ सेंमी. त्रिकोण जवळपास समद्विभुज, त्यामुळे जळगावचा कोनदुभाजक आणि समोरच्या बाजूचा लंबदुभाजक (बाजूच्या मध्यातून काटकोनात जाणारी रेषा) एकावर एक बसले आणि मला दोन्ही एकच वाटले.

या वेळी चाळीसगाव सोडून नंदुरबार घेतलं. १९९८ पासून खान्देशच्या तीन जिल्ह्यांची ही तीन मुख्य ठिकाणं. जळगावच्या कोनदुभाजकाने धुळे–नंदुरबार बाजू धुळ्यापासून २.८ सेंमीवर कापली, पलीकडे ४.८ उरले. जळगाव–धुळे ८.३, जळगाव–नंदुरबार १४.३. भागून बघा, प्रमाण तेच येतं! दुभाजक समोरची बाजू लगतच्या दोन बाजूंच्या प्रमाणात कापतो, हे प्रमेय शाळेपासून पाठ होतं, तरी पट्टी तीनदा लावून पाहिली.

लंबदुभाजकांनी जास्त घाम काढला. जळगाव–नंदुरबारसाठी कंपास ७.२ सेंमीच्या वर उघडावा लागतो; निम्म्याहून कमी उघडला तर कंस एकमेकांना भेटतच नाहीत. त्यात पेन्सिलचा स्क्रू ढिला. दुसऱ्या कंसाला टोक केसभर सरकलं, आणि तेवढ्यानेही छेदनबिंदू चांगलाच हलतो. आता प्रत्येक कंसाआधी स्क्रू आवळतो. धुळ्याचा कोन १२९ अंशांच्या आसपास, म्हणजे विशालकोन. परिकेंद्र, म्हणजे तिन्ही लंबदुभाजक भेटतात तो बिंदू, त्रिकोणाबाहेर जाणार हे माहीत होतं, पण रेषा ट्रेसिंग पेपरच्याही बाहेर गेल्या. वर दुसरा कागद चिकटवला. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात, सेंधव्याजवळ त्या भेटल्या. तिथे टोक रोवून ९.२ सेंमीचं वर्तुळ फिरवलं. तिन्ही शहरं त्यावर आली.

मग उरलेले कोनदुभाजक काढले. ते भेटतात तो बिंदू, अंतर्मध्य, आतच, तिन्ही बाजूंपासून १.६ सेंमीवर, धुळ्याजवळच्या सोनगीरच्या बाजूला. परिकेंद्र शहरांपासून सारखं दूर, अंतर्मध्य बाजूंपासून. हा फरक आता हाताला कळला.

आप्पांना कागद दाखवला. त्यांनी वर्षानुवर्षं आग्रा रोडवर ट्रक चालवला. एक बोट सोनगीरवर, दुसरं सेंधव्यावर ठेवून म्हणाले, "हे तर दोन्ही माझ्या रस्त्यावरचेच थांबे रे."