ऑर्कनीच्या व्होलसाठी पाच दिवस

स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसला जाणारी फेरी दीड तास घेते आणि मी पूर्ण वेळ डेकवरच होते, वारा अंगावर घेत, कारण मला मधला समुद्र नीट बघायचा होता. पेंटलंड फर्थ म्हणतात त्याला. स्कॉटलंडचं उत्तर टोक आणि ऑर्कनी बेटं यांच्यामधली ही सामुद्रधुनी, अटलांटिक आणि नॉर्थ सी इथे एकमेकांत घुसतात आणि भरती-ओहोटीच्या वेळी पाणी अक्षरशः नदीसारखं वाहतं. हॉय बेटाजवळचा तो प्रसिद्ध सुळका, ओल्ड मॅन ऑफ हॉय, १३७ मीटर उंच, समोर आला तसे सगळे त्या बाजूला फोटो काढायला धावले, मीपण काढले, पण डोक्यात एकच चाललं होतं, की मुठीत मावेल एवढा जीव, ज्याला हे पाणी पोहून जाणं शक्यच नाही, तो पलीकडे पोचला कसा.

तो जीव म्हणजे ऑर्कनी व्होल. मराठीत याला नेमका शब्द नाहीये. पटकन बघितलं तर उंदीरच वाटेल पण नाक बोथट, कान केसांत लपलेले, शेपूट अगदी आखूड, आणि खाणं म्हणजे मुख्यतः गवत. गंमत म्हणजे व्होल हा शब्दच इंग्रजीत ऑर्कनीकडून आलाय, तिथले लोक व्होलमाऊस म्हणायचे, आणि त्यातला व्होल बहुतेक जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ माळ. म्हणजे माळावरचा उंदीर.

आता खरं कोडं इथे आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर जो सगळीकडे सापडतो तो फील्ड व्होल, ती वेगळी जात. ऑर्कनीतला आहे कॉमन व्होल, मायक्रोटस आर्व्हालिस, जो युरोपात शेताशेतात आहे पण ब्रिटनच्या मुख्य भूमीवर अजिबात नाही. ब्रिटिश बेटांमधे हा फक्त दोनच ठिकाणी, एक गर्न्सी आणि एक ऑर्कनी. गर्न्सी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आहे त्यामुळे ते एकवेळ समजतं. पण ऑर्कनी? मधला अख्खा ब्रिटन सोडून थेट उत्तरेच्या टोकाला?

१९०४ साली मिले नावाच्या निसर्ग अभ्यासकानं याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ही पूर्ण नवीन जातच वाटली होती. मग बेटागणिक उपजाती पाडल्या गेल्या, सँडेची वेगळी, वेस्ट्रेची वेगळी, राऊझेची वेगळी. पुढे युरोपातल्या कॉमन व्होलशी जोडी लावून बघितली तर पिल्लं झाली आणि त्या पिल्लांनाही पिल्लं झाली, म्हणजे जात एकच.

दुसऱ्या दिवशी स्कारा ब्रेला गेले. १८५० च्या एका वादळानं वाळूचा ढिगारा उडवला आणि खालून हे अख्खं गाव निघालं, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. दगडी पलंग, दगडी फडताळ, मधोमध चूल. फोटोत शंभरदा बघितलेलं होतं तरी तिथे उभं राहिल्यावर घशात काहीतरी दाटून आलं, कारण ती घरं इतकी घरासारखी आहेत. आणि याच घरांच्या मातीत व्होलची हाडं सापडली आहेत, ढिगानं. २०१६ मधे त्या जुन्या उत्खननातल्या हाडांचा नव्यानं अभ्यास झाला तेव्हा काही हाडांवर भाजल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे तिथली माणसं व्होल निखाऱ्यावर भाजून खात असावीत. हे वाचलं होतं तेव्हा नुसती माहिती होती. त्या चुलीकडे बघताना मात्र माझ्या सगळ्या प्रवासाचा विषय तिथेच बसलाय असं वाटलं.

तर उत्तर असं, की व्होलला माणसांनीच आणलं, बोटीतून. ऑर्कनीतली व्होलची सगळ्यात जुनी हाडं पाच हजार वर्षांहून थोडी जास्त जुनी निघतात, म्हणजे शेती करणाऱ्या नवपाषाण काळातल्या लोकांची वेळ. मुद्दाम आणले की गुरांच्या चाऱ्यात लपून आले यावर अजून वाद आहे. पण आले कुठून, हे जेनेटिक्सनं बऱ्यापैकी सांगितलंय, आणि ते कसं सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वात सुंदर वाटतं.

माइटोकॉन्ड्रियातला डीएनए पिल्लाला फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे आई, आजी, पणजी अशी सरळ रेघ मागे धरत जाता येतं. ऑर्कनीतले आत्ताचे व्होल, जुन्या हाडांमधले व्होल आणि युरोपभरचे व्होल यांच्या या रेघा जुळवून बघितल्या, २०१३ मधे तो अभ्यास छापून आला, आणि ऑर्कनीच्या रेघा जाऊन भिडल्या आत्ताच्या बेल्जियमच्या किनाऱ्याच्या आसपास. त्याहून मोठं आश्चर्य दुसरंच होतं. बेटावर चार-दोन जनावरं पोचली आणि त्यांच्यापासून सगळी प्रजा वाढली की तिच्यात जेनेटिक विविधता फार कमी असते, कारण मुळात आणलेली पुंजीच चार-दोन जीवांची. ऑर्कनीच्या व्होलमधे मात्र विविधता चांगली भरपूर निघाली. म्हणजे एखाद-दुसरी गाभण मादी चुकून आली असं नाही, बरेच व्होल आले. म्हणजेच दगडांच्या त्या घरांमधे राहणाऱ्या लोकांचा युरोपच्या किनाऱ्याशी ब्रिटनला वळसा घालून थेट संबंध होता, शेकडो मैलांचा समुद्र पार करून, शिडं होती की नाही हेसुद्धा माहीत नसलेल्या बोटींमधून, आणि त्याचा पुरावा एका गवत खाणाऱ्या जीवाच्या पेशींमधे पाच हजार वर्षं जपून राहिला. मी हे परत परत लिहितेय कारण मला अजूनही ते पूर्ण पचलेलं नाहीये.

आणि आल्यानंतर ते बदलले. वेगवेगळ्या बेटांवर विभागले गेले, मधे समुद्र, त्यामुळे एका बेटावरचे जीन्स दुसऱ्यावर जायची सोय नाही. लहान बेटांवर काही जीन्स नुसत्या योगायोगानं गळून गेले, एखाद्या वर्षी ज्या जनावरांना पिल्लं झाली नाहीत त्यांच्याबरोबर. दाढांचा आकार बदलला, तो तर उत्खननातल्या दाढांवरून शतकामागून शतक मोजता येतो. अंगानं ते युरोपातल्या भावंडांपेक्षा थोराड झाले. इथे कोल्हा नव्हता, वीझल नव्हतं, स्टोट नव्हतं, व्होलच्या बिळात शिरून त्याला मारणारं जमिनीवरचं कुणीच नव्हतं, मोठं होण्याचं एक कारण तेही मानतात.

तिसऱ्या दिवशी एका स्थानिक स्वयंसेवकाबरोबर माळावर फिरायची संधी मिळाली. वयस्कर गृहस्थ, बोलणं अगदी मोजकं. रिंग ऑफ ब्रॉडगरच्या उभ्या दगडांच्या जवळच गवताचा एक ओलसर पट्टा होता, तिथे ते गुडघ्यावर बसले आणि गवताचा झुबका हातानं अलगद बाजूला केला. खाली रस्ते! बोटभर रुंदीच्या वाटा, गवताच्या बुडातून नीट कुरतडून काढलेल्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, कडेला कापलेल्या काड्यांचे छोटे ढीग आणि एका कोपऱ्यात हिरवट लेंड्या. वरून बघाल तर नुसतं गवत हलतंय वाऱ्यावर. मग त्यांनी आजूबाजूची शेतं दाखवली. सगळी हिरवीगार, सायलेजसाठी, म्हणजे गुरांच्या मुरवलेल्या चाऱ्यासाठी, एकसारखं कापलेलं गवत. त्यात व्होल राहू शकत नाही, त्याला न कापलेलं जाडंभरडं जुनं गवत लागतं, त्यामुळे आता तो राहतो बांधांवर, कुंपणाच्या कडेला, चराच्या काठानं आणि हीदर नावाच्या झुडपांच्या माळावर. मधे मेंढ्या खूप वाढल्या होत्या तेव्हा असं गवत कमी झालं आणि त्याबरोबर व्होलवर जगणारे हेन हॅरिअर हे शिकारी पक्षी घटले. मेंढ्या कमी झाल्यावर पुन्हा सावरले. एवढा सरळ हिशोब आहे.

त्याच वाटेवर थोडं पुढे लाकडी खोका दिसला, एका टोकाला जाळी आणि जाळीत छोटं भोक. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले की स्टोटसाठी आहे.

स्टोट म्हणजे लांबुडकं, चपळ, मुंगसाची आठवण करून देणारं पण पाणमांजराच्या कुळातलं जनावर. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ते मूळचंच. ऑर्कनीत मात्र नव्हतं, २०१० मधे पहिल्यांदा खात्रीनं दिसलं आणि मग मेनलंड नावाच्या ऑर्कनीतल्या सगळ्यात मोठ्या बेटभर पसरलं. बरे (Burray) आणि साऊथ रोनल्डसे ही बेटं मेनलंडला दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या चर्चिल बॅरिअर्सनी जोडलेली आहेत, त्या रस्त्यावरून तर चालतच जाता येतं, आणि स्टोट पोहतंही चांगलं, एखाद-दोन किलोमीटरचं पाणी त्याला अडवत नाही. २०१९ पासून ऑर्कनी नेटिव्ह वाइल्डलाइफ प्रोजेक्ट हे सगळे स्टोट काढून टाकायचं काम करतोय, हजारो ट्रॅप, वास काढणारे शिकवलेले कुत्रे, कॅमेरे. ट्रॅपचं डिझाईन न्यूझीलंडचं. तिथे १८८० च्या दशकात सशांवर उपाय म्हणून स्टोट सोडले आणि उडता न येणाऱ्या पक्ष्यांची वाट लागली, ते लोक आजही ते निस्तरतायत.

मला स्टोट आवडतं, हे आधी सांगते. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर एकदा दगडी भिंतीवरून पळताना बघितलंय, इतकं देखणं जनावर आहे. त्यामुळे त्या खोक्यासमोर मी गप्पच झाले. व्होलला माणसानं आणलं, स्टोटसुद्धा इथे आपोआप आलेलं नाही, मग एकाला वाचवायचं आणि एकाला मारायचं हे कुठल्या हिशोबानं? हा प्रश्न मी त्या गृहस्थांना विचारला. ते चिडले नाहीत, त्यांनी वर बोट केलं. वर एक शॉर्ट-इअर्ड आउल दिवसाढवळ्या माळावरून संथ घिरट्या घालत होतं. ऑर्कनीत त्याला कॅटी-फेस म्हणतात, मांजरीच्या चेहऱ्याचं. ते घुबड व्होलवर जगतं. हेन हॅरिअर, ज्याला मराठीत भोवत्यांच्या गटात धरतात, तो व्होलवर जगतो. खरुची म्हणजे केस्ट्रेल, तीपण.

रात्री खोलीवर मी यावर बराच विचार केला आणि माझ्यापुरतं मत बनलं. मूळचा की आणलेला या प्रश्नाचं उत्तर फक्त कुणी आणलं यावर ठरवणं मला पुरेसं वाटत नाही. पाच हजार वर्षं म्हणजे व्होलच्या हजारो पिढ्या, त्याच्या तीन आठवड्यांच्या गरोदरपणाच्या हिशोबानं धरा. एवढ्या वेळात त्याची दाढ बदलली, अंग बदललं, बेटाबेटाचा डीएनए वेगळा झाला आणि त्याच्या भरवशावर वरचे पक्षी टिकले. हा व्होल आता जगात दुसरीकडे कुठेच नाही, ऑर्कनीत संपला तर बेल्जियमहून नवीन आणून तो परत मिळणार नाही. स्टोट ऑर्कनीत संपलं तर स्टोट संपत नाही, पलीकडे स्कॉटलंडभर आहे. हे गणित क्रूर आहे आणि मला तरी ते बरोबर वाटतं. मारलेल्या प्रत्येक स्टोटचं दुःख वाटूनही बरोबर वाटतं.

चौथा दिवस पावसात गेला, वेस्ट्रेला जायचं होतं ते राहिलं. तिथल्या लिंक्स ऑफ नोल्टलँड या उत्खननाच्या जागी व्होलची खूप जुनी हाडं मिळाली आहेत, ते बघायची फार इच्छा होती.

शेवटची संध्याकाळ कॉटस्कार्थला. इथे माळावर एक छोटी हाईड, म्हणजे लपून पक्षी बघायची खोली आहे, एडी बॅल्फोर यांच्या नावाची, ज्यांनी ऑर्कनीच्या हेन हॅरिअरचा आयुष्यभर अभ्यास केला. मे संपत आलेला, त्यामुळे रात्री दहाला सुद्धा लख्ख दिसत होतं, उन्हाळ्यातल्या या संधिप्रकाशाला तिथे ग्रिमलिन्स म्हणतात. दोन तास काहीच नाही. हीदर, वारा, कर्ल्यू पक्ष्याची लांब शीळ. मग डोंगराच्या कडेनं करडा नर आला, जवळजवळ पांढरा दिसणारा, पंखांची टोकं काळी, आणि पायात काहीतरी लोंबत होतं. दुर्बिणीतून आखूड शेपूट दिसली. पाच दिवसांत मला दिसलेला हा पहिला आणि एकमेव व्होल. खालून हीदरमधून तपकिरी मादी उडाली, सरळ त्याच्या दिशेनं, तो वर असतानाच त्यानं पाय सोडले, व्होल हवेत खाली यायला लागला, तिनं अंग पलटी केलं, उताणी होऊन पाय वर केले आणि तो झेलला. एवढंच, दोन सेकंद. ती परत हीदरमधे उतरली, जिथे घरटं असणार. नरानं एक गिरकी घेतली आणि कुंपणाकडेच्या त्या जाड्याभरड्या गवताकडे निघाला.