आमची वाटचाल : टाकी जागेवर आली तेव्हा

लाकडी डेक (घराबाहेरचे फळ्यांचे ओटे) धुऊन, उजळवून त्यावर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढवण्याचे काम आम्ही सुरू केले तेव्हा भाड्याचा प्रेशर वॉशर (दाबाने पाणी मारणारे यंत्र), लांब दांड्यांचे काही ब्रश आणि मिळेल ते वाहन एवढेच आमचे भांडवल होते. या व्यवसायातील माणसे यंत्राच्या दाबाविषयी तासन्‌तास बोलतात, स्टेन तेलाचा घ्यावा की पाण्याचा यावर हमरीतुमरीवर येतात, परंतु गाडीचा विषय निघाला की गप्प होतात. माझे मत असे आहे की एखादी फर्म कामाची आहे की नाही, हे तिच्या गाडीचे मागचे दार उघडताच समजते. बाहेरच्या रंगीत अक्षरांवरून काहीही समजत नाही, आणि हे मी पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांना उद्देशूनच लिहीत आहे.

पहिली स्वतःची गाडी आम्ही कर्ज काढून घेतली. बंद पाठीची जुनी व्हॅन होती आणि तिच्यात ५०० लिटरची टाकी बसवायची होती. ग्राहकाच्या नळाला मिनिटाला ८ लिटर पाणी येते आणि आपला पंप १५ लिटर ओढतो, अशी स्थिती असली की उरलेले ७ लिटर कोठून तरी यावेच लागतात. ते टाकीतून आले नाहीत तर पंप हवा ओढू लागतो आणि त्याचे सील जातात. म्हणून टाकीला पर्याय नव्हता. ती मागच्या आसाच्या (चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) किंचित पुढे यावी आणि आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असावेत, हे आम्ही बॉडी बांधणाऱ्या कारागिराला लेखी दिले होते. त्याने टाकी थेट मागच्या दाराला टेकवली, कारण तेथे त्याचा पाइप पुरत होता, आणि पडदे तर घातलेच नाहीत. विचारल्यावर ‘पाणी ते पाणी, कुठेही ठेवा’ असे उत्तर मिळाले. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन. ते आसाच्या मागे लोंबकळू लागताच पुढची चाके हलकी झाली, स्टिअरिंग हातात भरेनासे झाले, आणि प्रत्येक वळणावर पाणी टाकीच्या भिंतीवर असे आपटे की काही आठवड्यांतच चौकटीच्या वेल्डिंगला तडे गेले. दुरुस्तीचे पैसे त्याने पुन्हा मागितले. ते बिल मी अजून जपून ठेवले आहे.

ती गाडी रुळावर आणली आमच्या पहिल्या भागीदारांनी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. आयुष्य फिटर म्हणून गेलेले असल्याने त्यांना कोणतीही वस्तू निष्कारण हललेली खपत नसे. त्यांनी टाकी सोडवून आसाच्या पुढे घेतली, पडदे बसवले, आणि पंपाचा बायपास (जादा पाणी परत नेणारी नळी) त्याच्याच तोंडाशी परत न आणता टाकीत सोडला, कारण फवाऱ्याचा ट्रिगर बंद असताना तेच पाणी पंपात फिरत राहिले तर ते तापते आणि पंप मारते. होजची (पाण्याच्या नळीची) रील त्यांनी दाराशी बसवली, म्हणजे वॉशरचे इंजिन गाडीतच राहून होज अंगणात पोहोचे. मात्र दार बंद ठेवून इंजिन चालवण्यास त्यांची सक्त मनाई होती, कारण पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

रसायनांची मांडणी हा तर मामांचा खास प्रांत. ब्राइटनरचे (लाकूड उजळवणाऱ्या द्रावणाचे) ऑक्झॅलिक आम्ल डाव्या बाजूला, हायपोक्लोराइट (ब्लीच) उजव्या बाजूला, दोघांचे ट्रे वेगळे, मापे वेगळी. कारण ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाडीत तो कोणाचाही जीव घेऊ शकतो. कॉस्टिकचा स्ट्रिपर (जुना स्टेन काढणारे द्रावण) नेहमी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियमचा पत्रा खाते. परकार्बोनेटची (धुण्याच्या रसायनाची) पूड कोरडीच न्यायची आणि डेकपाशी पोहोचल्यावर भिजवायची. भिजवलेले द्रावण घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवले तर आतील वायू तो कॅन फुगवतो. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना, कोणी विचारलेले नसले तरी, सांगतो : गाडीतील पहिली वस्तू म्हणून वॉशर घेऊ नका, डोळे धुण्याची बाटली आणि हातमोजे घ्या, आणि ते ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.

एवढे जुळले आणि तेव्हाच आमच्यावर संकट आले. आमच्याच भागात एक नवी फर्म सुरू झाली. तिची गाडी चकचकीत होती, दर आमच्या निम्म्याने कमी होते, आणि ‘आम्ही रसायने वापरत नाही, फक्त पाणी’ असा तिचा प्रचार होता. त्या गाडीत फक्त पाणी होते हे खरेच, कारण रसायने ठेवण्याची जागाच तिच्यात केलेली नव्हती. रसायनाने सुटणारी बुरशी आणि मेलेले तंतू ते निव्वळ दाबाने उडवत. मऊ लाकडावर ५००-६०० पीएसआय (दाबाचे एकक) आणि रुंद फवाऱ्याचे नोझल पुरते, त्याहून फार दाब दिला तर फळीचा मऊ भाग खरवडला जातो आणि कठीण रेषा वर राहतात. त्या दिवशी डेक गोरापान दिसतो, वाळल्यावर मात्र त्यावर तंतूंची कूस उभी राहते आणि स्टेन डागाडागांनी बसतो. ग्राहकांना हे समजेपर्यंत आमचा अख्खा हंगाम बुडाला होता. कर्जाचे हप्ते थकले, गाडी विकण्याची बोलणी झाली, आणि मामांनी प्रकृतीमुळे भागीदारी सोडली तेव्हा त्यांचा वाटा देण्याइतके पैसेही आमच्याजवळ नव्हते. त्यांनी ते मागितलेही नाहीत, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्या काळात एक बाई मात्र आमच्याकडून हलल्या नाहीत. निवृत्त ग्रंथपाल असल्याने त्या डेकची वही ठेवत : कधी धुतला, कोणता स्टेन, फळीतील ओलावा किती. मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर तेलाच्या स्टेनचा डबा त्या आम्हाला उघडू देत नसत. शेजारच्यांनी त्या नव्या फर्मकडून स्वस्तात करून घेतलेल्या डेकवरून त्यांनी तळवा फिरवला आणि घरी येऊन पुढच्या कामाचे पैसे आमच्या हाती आगाऊ ठेवले. त्यातून थकलेला हप्ता फिटला. नंतर शेजारीही आले. खरवडलेल्या फळ्या घासून सपाट करण्याचे काम त्यांनी आम्हालाच दिले आणि त्याचा दर मी यत्किंचितही कमी केला नाही.

पुढची वर्षे कामात गेली. दुसरी गाडी आली, मामांचा वाटा व्याजासह पोहोचवला.

अलीकडेच त्या प्रतिस्पर्ध्याकडून निरोप आला की जुनी व्हॅन विकायची असल्यास टाकी आणि मांडणीसकट घेण्याची त्यांची तयारी आहे. आम्ही ती विकली नाही. टाकी नव्या गाडीत हलवली आणि जुनी व्हॅन केवळ स्टेनसाठी राखून ठेवली, कारण धुण्याची ओल आणि स्टेनचे डबे एका छताखाली सुखाने नांदत नाहीत. तिच्यात आता रोलर, ब्रश, तेलाच्या स्टेनसाठी स्वतंत्र फवारणी पंप आणि झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. तेलाने माखलेल्या चिंध्या त्या डब्यात पाण्यात बुडवूनच घरी परतायचे. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून ठेवली तर ती स्वतःच्या उष्णतेने पेट घेऊ शकते. नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते. निरोपाचे उत्तर म्हणून त्या प्रतिस्पर्ध्याला आम्ही बॉडी बांधणाऱ्या त्याच कारागिराचा पत्ता कळवला.